नोंद एकशे सत्तेचाळीस

गुरुवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी थोरलीने एकशे सत्तेचाळीसाव्या नोंदीसमोर ‘दोष नाही’ असा शेरा मारला. खाली कारणाचा चौकोन होता. तो भरल्याशिवाय पुढची नोंद उघडत नसे. तिने लिहिलं, ‘दोन्ही कलमं वेगवेगळ्या प्रसंगांसाठी आहेत. एकत्र वाचल्यामुळे झालेला गैरसमज.’ मग ती उठली, कप घेऊन बेसिनपाशी गेली आणि आधीच स्वच्छ असलेला कप तिने पुन्हा विसळला.

शेरा खोटा होता. त्या वेळी त्या इमारतीत हे एकट्या तिलाच माहीत होतं.

मोबाइल फोन आणि टॉवर एकमेकांशी कसे बोलतात, आधी कोणी काय विचारायचं, उत्तर आलं नाही तर किती सेकंद थांबायचं, हे सगळं मानकांत लिहिलेलं असतं. मानकं म्हणजे एखादं पुस्तक नव्हे. शेकडो ग्रंथ, हजारो पानं, आणि या ग्रंथातून त्या ग्रंथातल्या भलत्याच कलमाकडे बोट दाखवणारी वाक्यं. फोन बनवणारे सगळे हीच पानं समोर ठेवून फोन बनवतात. पानावर चूक राहिली की ती थेट लोकांच्या खिशात जाते. अशी चूक वेळेवर शोधणं हे थोरलीचं काम. एकवीस वर्षं ती ते करत आली होती, छापील पानांवर, पेन्सिलीने. संस्थेत तिला मागे ‘कलमबाई’ म्हणत. बैठकीत कोणी कलमाचा क्रमांक चुकीचा सांगितला, की ही मान वर न करता बरोबर क्रमांक सांगायची आणि पुढे वाचायला लागायची. हे नाव आपल्याला आवडत नाही, असं ती म्हणे. आवडत होतं.

आता तेच काम धाकटीचं मॉडेल करत होतं.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. घरात दोन भाऊ, दोन सुना. एक थोरली, एक धाकटी. एकाच घराच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावर राहायच्या, एकाच संस्थेत काम करायच्या. धाकटीला संस्थेत आणलं ते थोरलीनेच. आठ वर्षांपूर्वी लग्न होऊन घरात आलेली ही मुलगी भाषेचं आणि संगणकाचं काहीतरी शिकलेली होती आणि दिवसभर वरच्या मजल्यावर अर्ज भरत बसलेली असायची. थोरलीने विभागप्रमुखांपाशी शब्द टाकला. म्हणाली, “हुशार आहे, आणि मुख्य म्हणजे ऐकते.” पहिली दोन वर्षं धाकटीने खरंच ऐकलं. घरी ‘ताई’ म्हणायची, ऑफिसात आठवणीने ‘मॅडम’. मग तिने ऐकणं सोडलं असंही नाही. ती आणखी कोणाकोणाचं ऐकायला लागली, एवढंच.

गेल्या वर्षी तिने प्रस्ताव मांडला: भाषेच्या एआय मॉडेलकडून सगळी मानकं वाचून घ्यायची. कुठलं कलम कुठल्या कलमाशी भांडतं ते त्याने सांगायचं. मॉडेलचं म्हणणं खरं की खोटं, ते माणसाने तपासायचं. प्रमुखांनी मान डोलावली. मॉडेलने दोन आठवड्यांत दोनशे बारा नोंदी काढून दिल्या, आणि त्या तपासायला थोरलीकडे आल्या.

पहिले काही दिवस तिचे मजेत गेले. मॉडेल भरपूर चुकत होतं. एका नोंदीत त्याने अस्तित्वातच नसलेल्या एका कलमाचा हवाला दिला होता, तोही इतक्या अदबीने की तिने खरोखर तो ग्रंथ उघडून पाहिला. दुसऱ्या नोंदीत त्याने उदाहरणाला नियम समजून शेजारच्या नियमाशी त्याची झुंज लावली होती. ती भराभर ‘दोष नाही’ मारत सुटली. प्रत्येक शेऱ्यागणिक तिचं रक्त जरा जरा वाढत होतं. जेवणाच्या सुट्टीत ती लोकांना निवडक चुका वाचून दाखवायची. लोक हसायचे. धाकटीही हसायची, आणि ते मात्र थोरलीला खटकायचं. आपल्या लेकराला कोणी नावं ठेवली तर आई अशी मोकळेपणी हसत नाही.

रविवारी दुपारी सगळे खाली जेवायला होते. सासूबाईंना मॉडेल हा शब्द जिभेवर धरवत नसे. त्या त्याला ‘ते वाचणारं’ म्हणत.

“दोन आठवड्यांत सगळं वाचून झालं त्याचं?” त्यांनी धाकटीला विचारलं. “आणि हिला एकवीस वर्षं लागली?”

“आई, वाचणं वेगळं आणि समजणं वेगळं,” थोरली म्हणाली.

“तेच तर विचारतेय. तुला कितीसं समजलं?”

दीर ताटात बघून हसला. थोरलीच्या नवऱ्याने पाणी पिण्याचं निमित्त केलं.

“तसं नाही हो आई,” धाकटी घाईघाईने म्हणाली. “ते दहा गोष्टी सांगतं, त्यातल्या नऊ चुकीच्या असतात. त्या नऊ ताई काढून टाकतात. त्यांच्याशिवाय ते कुचकामी आहे.”

सासूबाईंनी जरा विचार केला. “म्हणजे ते जेवणार आणि ही उष्टी काढणार.”

या वेळी नवराही हसला. सासूबाईंच्या मनात काही वाईट नव्हतं, हे थोरलीला कळत होतं. वाईट मनात असतं तर उलट उत्तर देता आलं असतं. ती ताटं उचलायला उठली, मग लक्षात आल्यावर अर्ध्या वाटेतून परत येऊन बसली. ते वाक्य पुढचे चार दिवस तिच्याबरोबर ऑफिसात येत होतं आणि तिच्याबरोबरच घरी परतत होतं.

आणि गुरुवारी एकशे सत्तेचाळीसावी नोंद समोर आली.

नोंद आठ ओळींची होती. सुरक्षेच्या ग्रंथात एक नियम आहे: टॉवरची ओळख पटायच्या आत त्याच्याकडून ‘तुला इथे सेवा नाही’ असा नकार आला, तर फोनने त्यावर लगेच विश्वास ठेवू नये. तो टॉवर बनावट असू शकतो. फोनने एक टायमर लावावा, तोवर गप्प बसावं आणि वेळ संपली की पुन्हा प्रयत्न करावा. शहाणा नियम आहे. इमर्जन्सी कॉलच्या ग्रंथात दुसरा नियम आहे: असा कॉल लावला की फोनने चालू असलेले सगळे टायमर थांबवावेत, म्हणजे मध्येच काही व्यत्यय येणार नाही. हाही शहाणाच. पण थांबवलेले टायमर कॉल संपल्यावर पुन्हा कोणी सुरू करायचे, हे दोन्हीकडे लिहिलेलं नाही. म्हणजे ज्याला असा खोटा नकार मिळाला आहे, त्याने घाबरून रुग्णवाहिकेला फोन केला तर फोन लागेल. मात्र फोन ठेवल्यावर तो मुका होईल. रुग्णवाहिकेचा चालक पत्ता विचारायला उलट फोन करेल, तो लागणार नाही. फोन बंद करून चालू करेपर्यंत कोणाचाच लागणार नाही.

मॉडेलने हे अगदी साध्या शब्दांत लिहिलं होतं. थोरलीने वाचलं आणि तिच्या कानशिलांत गरम झालं. कारण हे सगळं तिने अकरा वर्षांपूर्वी लिहिलं होतं.

तेव्हा मुलीच्या शाळेत पालकसभा होती. लहान मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसलेली थोरली मांडीवर दोन ग्रंथांची पानं ठेवून वाचत होती. बाई शिस्तीवर बोलत होत्या आणि हिला ती दोन वाक्यं एकदम शेजारी शेजारी दिसली. त्या आठवड्यात तिने दोन पानी दुरुस्ती-प्रस्ताव लिहिला आणि समितीच्या बैठकीला घेऊन गेली.

मानकांच्या समितीत एक रीत आहे. कागदाला मंजुरी मिळते, किंवा तो नाकारला जातो, किंवा अध्यक्ष म्हणतात, “नोंद घेतली.” नोंद घेतली म्हणजे मातीत पुरलं. बाहेरच्याला हे कळत नाही. तो बिचारा खूश होऊन घरी जातो. कागद असा पुरला जाण्यापेक्षा शहाणी माणसं तो आपणहून मागे घेतात आणि चहाच्या वेळी त्याच्या बदल्यात काहीतरी पदरात पाडून घेतात. त्या बैठकीत एका मोठ्या कंपनीच्या प्रतिनिधीने थोरलीला चहाच्या टेबलापाशी गाठलं. फोन बाजारात गेलेले आहेत, तुझी दुरुस्ती आता महागात पडेल, म्हणाला. हा कागद मागे घे. नवीन प्रकरणाचं संपादन तुला मिळावं म्हणून आम्ही हात वर करू. तिने कागद मागे घेतला. आपल्या प्रतीवर ‘पुढच्या बैठकीत’ असं लिहिलं. पुढच्या बैठकीत ती नव्या प्रकरणाची संपादक होती आणि तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्याच्या पुढच्या बैठकीपर्यंत कागद आठवत होता, पण काढायची लाज वाटायला लागली होती. त्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर तिचं नाव अजून आहे.

म्हणून तिने ‘दोष नाही’ मारलं. ‘दोष आहे’ मारलं असतं तर तो शोध धाकटीच्या मॉडेलचा ठरला असता. हा माझा आहे म्हणून सांगायला गेली असती, तर अकरा वर्षं काय करत होतीस, असं कोणीही विचारलं असतं.

कप ठेवता ठेवता तिच्या मनात आलं: मागे घेतलेले कागद जळत नाहीत, ते समितीच्या दप्तरात राहतात. मॉडेलने दप्तर वाचलं असणार. त्याने माझाच कागद उचलला असणार. या विचाराने तिला इतका उत्साह आला की ती तशीच ओल्या हातांनी धाकटीच्या खोलीकडे निघाली.

धाकटी काचेच्या खोलीत तीन पडद्यांसमोर बसली होती. पायातले बूट काढून टेबलाखाली ढकललेले.

“या ना मॅडम. दीडशेच्या पुढे गेलात?”

“अलीकडेच आहे. एक विचारायचं होतं. याला वाचायला नक्की काय काय दिलंयस?”

“मानकं. चालू आवृत्ती, सगळे ग्रंथ.”

“आणि बैठकांचे जुने कागद?”

“नाही.”

“एकही नाही?”

“द्यायचे होते. प्रमुख म्हणाले, त्यात नुसती भांडणं असतात, वाचून बिघडेल ते.” धाकटी हसली. “का हो?”

“सहज. पण ते इथे येण्याआधी बाहेर काहीबाही वाचून आलेलं असतं ना?”

“असतं. पण समितीचं दप्तर कुलपात आहे. लॉगिनशिवाय एक पान उघडत नाही. मी खात्री करून घेतलीय. हा प्रश्न मला कोणीतरी विचारणार हे ठाऊक होतं.”

“मग ते शोधतं कसं?”

“घाण्याच्या बैलासारखं. समजा टायमर आहेत. हजारभर असतील. ते एकेक टायमर उचलतं आणि विचारतं, हा सुरू कोण करतं, थांबवतं कोण, थांबवला तर पुन्हा चालू कोण करतं. उत्तर सापडलं नाही की नोंद करतं. त्याला कंटाळा येत नाही, मॅडम. तुम्हाआम्हाला तिसऱ्या टायमरला झोप येईल.”

थोरलीने मान हलवली. चोरी झालेली नव्हती. आपल्या घरात चोर शिरला नाही म्हणून तोंड पडलेली बाई तिने आजवर पाहिली नव्हती. आता ती काचेत दिसत होती. तिचा कागद कोणी उचलला नव्हता, कारण त्याची कोणाला गरजच पडली नव्हती.

“आणि ऐका,” धाकटी म्हणाली, “तुम्ही फेटाळलेल्या नोंदींपैकी दहा टक्के मी उद्या पुन्हा बघणार आहे. चिठ्ठ्या काढून. अविश्वास म्हणून नाही हं, नियम आहे तसा.”

“असायलाच हवा.”

“तपासायला तुम्हीच हव्यात म्हणून मी अडून बसले होते. प्रमुख म्हणत होते, दोन नवीन माणसं घेऊ, स्वस्तात होईल. मी म्हटलं, मॅडम नसतील तर मला हा प्रकल्पच नको.”

हे ऐकून थोरलीला बरं वाटायला हवं होतं. तिच्या मनात मात्र आलं: ही आपली बाजू घेते. म्हणजे आपली बाजू कोणीतरी घ्यावी लागते.

दुपारी तीन वाजता ती तळमजल्यावर चाचणीवाल्याकडे गेली. चाचणीवाला हा संस्थेतला सर्वांत जुना तंत्रज्ञ. त्याचं राज्य म्हणजे पत्र्याने मढवलेली एक खोली. तिचं दार लागलं की बाहेरची लहर आत येत नाही आणि आतली बाहेर जात नाही. आत एक खोटा टॉवर, एक खरा टॉवर, आणि कपाटात रांगेने झोपवलेले फोन. नोंदीत दम आहे असं दिसलं की तिची परीक्षा इथे व्हायची.

“एकशे सत्तेचाळीस मी मांडून ठेवला होता,” तो म्हणाला. “वाचून खरा वाटला मला. मग तुमचा शेरा आला. आता सोडवायलाच घेतोय.”

“मांडलाच आहेस तर एकदा चालव.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. दार ओढून घेतलं. खोट्या टॉवरने फोनला नकार दिला. फोनने टायमर लावला. पडद्यावर आकडे उलटे धावू लागले. चाचणीवाल्याने फोनवरून इमर्जन्सी क्रमांक लावला. तो खोलीतल्याच दुसऱ्या फोनवर वाजला. पडद्यावरचा आकडा एकशे दोनवर थांबला. त्याने फोन ठेवला. आकडा एकशे दोनवरच राहिला.

“आता उलटा लाव,” थोरली म्हणाली.

त्याने लावला. लागला नाही. पाच मिनिटांनी पुन्हा लावला. वीस मिनिटं दोघं स्टुलांवर बसून एका गप्प फोनकडे बघत राहिली. मग चाचणीवाल्याने तो बंद करून चालू केला, आणि लावल्याबरोबर तो खणखणीत वाजला.

थोरलीला हसू आवरेना. अकरा वर्षं ही गोष्ट फक्त तिच्या दोन पानांवर होती. घडताना ती आज पहिल्यांदा दिसत होती. तिने लिहिलं होतं तसंच, त्याच क्रमाने घडलं. त्या वीस मिनिटांत धाकटी नव्हती, मॉडेल नव्हतं, सासूबाई नव्हत्या.

“मॅडम, तुमचा शेरा ‘दोष नाही’ असा आहे,” चाचणीवाला म्हणाला.

“ठाऊक आहे.”

“मग मी काय लिहू?”

“काही लिहू नकोस.”

“आज नको, की कधीच नको?”

“आज नको.”

“बरं. आम्ही पत्र्याच्या खोलीतली माणसं. आतलं बाहेर जात नाही.” तो फोन कपाटात ठेवायला वळला. “पण हा माझ्या बायकोकडे आहे तोच फोन आहे. एवढं आपलं सांगून ठेवतो.”

उरलेल्या नोंदी थोरलीने शुक्रवारी सकाळपर्यंत संपवल्या. दुपारी बारा वाजता चिठ्ठ्या निघाल्या. दोनशे बारा नोंदींपैकी खरे दोष ठरले होते एकोणीस. आठ शंकास्पद. फेटाळलेल्या एकशे पंच्याऐंशी. त्यांतल्या एकोणीस धाकटी पुन्हा तपासणार होती. संगणकाने काढलेले क्रमांक सगळ्यांच्या पडद्यांवर आले. थोरलीने ते खालून वर वाचले, मग वरून खाली. एकशे सेहेचाळीस होता. एकशे एकोणपन्नास होता. एकशे सत्तेचाळीस नव्हता.

तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि तासभर वाटलंही. मग प्रमुख मजल्यावर येऊन धाकटीच्या खोलीत उभे राहिले. एकोणीस दोष म्हणजे संस्थेचा विक्रम आहे, म्हणाले. येत्या बैठकीत धाकटीनेच सादर करावेत, म्हणाले. त्या बैठकीत संस्थेची खुर्ची गेली चौदा वर्षं थोरलीची होती. प्रमुखांनी बाहेर पडताना तिच्या टेबलापाशी थांबून म्हटलं, “तुमचीही मदत झाली हो.”

मदत. सव्वादोन वाजता तिने समितीचं दप्तर उघडलं आणि आपला जुना कागद शोधून काढला.

बैठकीसाठी कागद देण्याची मुदत त्याच दिवशी पाच वाजता संपत होती. पुढची बैठक सहा महिन्यांनी. मॉडेलचं जे फेटाळलं गेलं, ते मॉडेलने गमावलं; आता तोच दोष एखाद्या माणसाने आपल्या नावावर मांडला तर कोण काय म्हणणार? दोष खरा होता, कागद खरा होता, आणि शोधला तिनेच होता. यात खोटं एकच होतं, ते कालच्या शेऱ्यात होतं. तिने दोन्ही पानं नव्याने टाइप केली. अकरा वर्षांत चार कलमांचे क्रमांक बदलले होते, ते न बघता सुधारले. ‘आधीचा संदर्भ’ या रकान्यात जुन्या कागदाचा क्रमांक टाकला, म्हणजे मॉडेलच्या किती आधी आपण हे पाहिलं ते जगाला कळलं असतं. मग शेजारीच दप्तर ‘मागे घेतला’ असं दाखवतं हे आठवलं, आणि क्रमांक पुसला. पुन्हा टाकला. पुन्हा पुसला. रकाना रिकामा ठेवला.

तिने तळमजल्यावर फोन लावला. “आता लिही. कालचे आकडे मला पाठव.”

“कुठे लिहू? एकशे सत्तेचाळीसखाली?”

“नाही. माझा स्वतंत्र कागद आहे.”

“कलमबाई,” चाचणीवाला म्हणाला. तोंडावर हे नाव त्याने आजवर घेतलं नव्हतं. “पाठवतो आकडे.”

चार वाजून बारा मिनिटांनी कागद समितीच्या यादीत चढला. नाव एकटीचं. तिने तो यादीतून डाउनलोड करून एकदा वाचला, नीट दिसतोय ना ते बघायला.

साडेचारला धाकटी आली. बूट घातलेले, हातात दोन कप. एक तिने थोरलीपुढे ठेवला.

“ताई,” ती म्हणाली. ऑफिसात, सगळ्यांसमोर. “यादी बघितली मी. शीर्षक वाचलं नुसतं. टायमरचं आहे ना?”

“हो.”

“मॉडेलने सोडलं आणि तुम्ही पकडलंत.”

“असंच काही नाही.”

“असंच आहे. मी बैठकीत पहिल्याच मिनिटाला सांगणार आहे हे. लोक विचारतातच, मग आता माणसं कशाला हवीत. मी म्हणणार, बघा, यंत्र जिथे हुकलं तिथे आमच्या ताई होत्या.” ती मनापासून खूश दिसत होती. निदान थोरलीला तिच्या चेहऱ्यावर दुसरं काही वाचता आलं नाही. आणि वाचणं हेच तर तिचं काम होतं.

“तुझा कागद गेला?”

“आत्ताच. एकोणीस दोष आणि परिशिष्ट. परिशिष्टच नव्वद पानांचं झालंय. सगळ्या दोनशे बारा नोंदी जोडल्यात.”

“सगळ्या?”

“तुमच्या शेऱ्यांसकट. कारणं, तारीख, वेळ. नाहीतर म्हणतात, यांनी चांगलं तेवढं वेचून दाखवलं.”

“फेटाळलेल्या कशाला? कोण वाचणार?”

“त्याच वाचतात हो लोक. आपल्या समितीत सगळे तुमच्यासारखेच आहेत. नव्वद पानं दिली की आनंदाने चष्मा पुसायला घेतात.” धाकटीने घड्याळ बघितलं. “प्रमुख बोलावतायत. चहा प्या, गार होईल.”

ती गेली. थोरलीने चहाला हात लावला नाही. पहिल्यांदा तिला दिसलं ते असं: धाकटी बैठकीत उभी आहे, ताईंचं कौतुक करते आहे, आणि तिसऱ्या रांगेतला कोणीतरी चष्मेवाला परिशिष्टातली एकशे सत्तेचाळीसावी नोंद मोठ्याने वाचून दाखवतो आहे. धाकटीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरतो आहे. एक क्षण, फार तर दोन, थोरलीला ते चित्र आवडलं. मग त्याच चित्रात शेऱ्याखालचं नावही दिसलं.

कागद मागे घ्यायलाही पाचपर्यंतच मुदत होती. यादीत प्रत्येक कागदासमोर ‘मागे घ्या’ अशी खूण असते. एकदा दाबली की कागद दप्तरात जातो आणि कोणी काही विचारत नाही. ती दाबली तर परिशिष्टातली नोंद कोणाच्या डोळ्यांवर येण्याचं कारण नव्हतं. एकशे पंच्याऐंशी फेटाळलेल्यांत एक. फोन आणखी सहा महिने मुके होत राहतील, अकरा वर्षं होत आले तसे. ती दाबली नाही तर दुरुस्ती होईल, आणि सगळं बाहेर येईल.

चार छप्पन्नला तिने बोट त्या खुणेवर नेलं. चार एकोणसाठला काचेच्या खोलीत कोणीतरी टाळ्या वाजवल्या. तिने तिकडे पाहिलं. प्रमुख, धाकटी, आणखी चौघं. धाकटीने काचेतून तिला हात केला, या ना, असा. थोरलीने बोट उचलून हात हलवला, येते, असा. पुन्हा पडद्याकडे पाहिलं तेव्हा खूण राखाडी झाली होती. यादी बंद. एकूण कागद तीनशे चाळीस. तिचा त्यांत होता.

ती काचेच्या खोलीत गेली नाही. त्या खोलीतून तिला बोलवायलाही कोणी आलं नाही.

यादीत प्रत्येक कागद किती जणांनी डाउनलोड केला याचा आकडा दिसतो, कोणी केला ते दिसत नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी, मजल्यावरचे बहुतेक दिवे गेलेले असताना, धाकटीच्या परिशिष्टासमोर सात हा आकडा होता आणि थोरलीच्या कागदासमोर दोन. त्या दोनांतली एक थोरली स्वतः होती.